'शीतलन रेषा' की 'निववणारी रेषा'?

नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांभोवतीचा वायू कसा तापतो आणि कसा थंड होतो, याच्या दूर-अवरक्त निरीक्षणांवर मराठीत लेख लिहितो आहे. 'कूलिंग'साठी 'शीतलन' वापरलं, आणि वायूची उष्णता बाहेर नेणाऱ्या ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला, म्हणजे वर्णपटातल्या रेषेला, 'शीतलन रेषा'. 'शीतलन रेषा' वाचून बहिणीनं विचारलं, "म्हणजे थंड वायूतून आलेली रेषा का?" तिचा समज चुकीचा होता, पण दोष माझ्या शब्दाचा आहे. दुसरा शब्द सुचवा.

—

'शीतलन' म्हटलं की बाहेरून कोणीतरी गारवा आणून सोडतंय असं वाटतं. इथे घडतं ते वेगळंच. ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या कणाशी टकरतो, टकरीतली थोडी ऊर्जा ठेवून घेतो आणि सरासरी तीनेक तासांनी ६३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपात सोडून देतो. तो प्रकाश ढगाबाहेर निसटला की तेवढी उष्णता वायूच्या हातून गेली. आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला, कार्बन हेच काम १५८ मायक्रॉनवर करतो. त्याला सरासरी पाच दिवस लागतात. कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ यांच्याही रेषा आहेत. गंमत अशी, की वायूत सर्वांत जास्त असतो तो हायड्रोजनचा रेणू, पण त्याला थंड वायूत प्रकाश टाकणं फारसं जमत नाही. म्हणून उष्णता बाहेर काढण्याचं काम या मूठभर इतरांवर येतं.

आपल्याकडे यासाठी नेमकं क्रियापद आहे: निवणे. तापलेलं लोखंड आपलं आपण निवतं. शब्द तोच घ्या.

—

'निवणे' फार सुंदर शब्द आहे, पण माझी हरकत आहे. निवणं म्हणजे तापमान उतरणं. इथे ते उतरतंच असं नाही. अतिनील किरण धूलिकणांतून इलेक्ट्रॉन उडवतात आणि ते वायूला तापवतात. ताऱ्यातून सुटलेला झोत भोवतालच्या ढगावर आदळतो, तिथल्या आघातानंही वायू तापतो. एकीकडून उष्णता येते, दुसरीकडून प्रकाशाच्या रूपानं जाते, आणि तापमान जवळपास तेवढंच राहू शकतं. खगोलशास्त्रज्ञ या रेषा मोजतात त्या त्याचसाठी: जावक मोजली की आवक किती असेल याचा अंदाज येतो. 'वायू निवतो आहे' असं लिहिलंत तर हा सगळा हिशेब वाचकाला दिसणारच नाही.

—

हरकत पटली. मग प्रयोजक रूप घ्या: 'निववणे'. विस्तव पेटता असतानाही वारा घालून भांडं निववत राहता येतं. भांडं निवलंच पाहिजे अशी अट त्या रूपात नाही. 'निववणारी रेषा', 'वायूला निववणारे अणू-रेणू'. शिवाय कर्ता कोण तेही कळतं. 'शीतलन'मध्ये कर्ताच गायब होतो.

आणखी एक. 'दूर अवरक्त निरीक्षण' असं सुटं लिहू नका, वाचक दूरच्या वस्तूचं निरीक्षण समजतो. इथला 'दूर' तांबड्या रंगापासूनचा आहे: साधारण ३० ते ३०० मायक्रॉन. 'अव' म्हणजे खाली, तांबड्याच्या वारंवारतेखाली. त्यातही पार पलीकडचा पट्टा. संयोगचिन्ह हवंच.

—

हे किरण जमिनीवर का पोचत नाहीत तेही एका ओळीत सांगा. आपल्या हवेतली वाफ ते शोषून घेते. म्हणून तर साडेतीन मीटर आरशाची हर्शेल दुर्बीण २००९ मध्ये अवकाशात पाठवली. २०१३ मध्ये तिचं द्रवरूप हेलियम संपलं आणि काम थांबलं. तिथे मात्र 'शीतलन' चालेल: उपकरणं खरोखरच बाहेरून गार ठेवलेली होती.

—

सगळ्यांचे आभार. दुर्बिणीपुरता 'शीतलन', वायूसाठी 'निववणे'. वाक्य असं केलं: "झोत जिथे आदळतो तिथल्या वायूला ऑक्सिजन ६३ मायक्रॉनचा प्रकाश टाकून निववत राहतो." छपाईआधी 'निववत'चं 'निवळत' होणार नाही एवढं बघायला हवं, निवळतं ते गढूळ पाणी.