मदत हवी आहे : 'ॲन इंग्लिशमन्स होम इज हिज कासल' मराठीत कसं आणू?

शाईची दौत :
भाषांतराला घेतलेल्या एका इंग्रजी कथेत घराची तपासणी करायला अधिकारी येतो. म्हातारा ही म्हण ऐकवतो आणि दार लावून घेतो. 'इंग्रजाचं घर म्हणजे त्याचा किल्ला' असं लिहिलं, तर घर मोठं, भक्कम आहे असा समज होतोय. 'आपल्या घरात आपण राजे' चालेल का?

उंबरठा :
या प्रसंगात नाही चालणार. म्हणीचा जोर बंद दारावर आहे, थाटावर नाही. म्हण रुळली ती १६०४च्या सेमेनच्या खटल्यामुळे. लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्सच्या एका घरात मेलेल्या कर्जदाराचा माल होता. शेरीफ, म्हणजे जप्ती बजावणारा राजाचा अधिकारी, जप्तीला आला, तेव्हा तिथे राहणाऱ्या ग्रेशमने दार लावून घेतलं. सावकार सेमेनने त्याच्यावर दावा लावला आणि हरला. निकाल नोंदवला इंग्लिश कायदेपंडित एडवर्ड कुकने (Coke हे स्पेलिंग बघून 'कोक' म्हणू नका). खाजगी देण्यासाठी शेरीफने दार फोडायचं नाही. राजाचं काम असेल तर फोडता येतं, पण आधी कारण सांगून दार उघडायला सांगायचं. म्हणजे 'राजे' शब्द घातलात तर अर्थ उलटाच होतो, कारण इथे राजाच्या माणसालाच अडवलंय.

जुनी गढी :
सहमत. शिवाय किल्ला म्हटलं की आपल्याला रायगड दिसतो, तोफा आणि शिबंदी. कासल म्हणजे सरदाराचं तटबंदीचं राहतं घर. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द गढी. 'माझं घर ही माझी गढी' हे कानाला बरं लागतं, पण शहरी वाचक अडखळेल.

उंबरठा :
गढी छान, पण म्हाताऱ्याच्या तोंडी जड. बाकी हल्ली इंग्रजीत ही म्हण 'माझ्या घरात मी वाटेल ते करीन' अशीही वापरतात. तिथे तुमचं 'राजे' चालून जाईल.

दिवाणी :
आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८, कलम ६२ मध्ये याच्याशी मिळतंजुळतं तत्त्व आहे. जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत राहत्या घरात शिरायचं नाही. बाहेरचं दार फोडता येतं ते घर ऋणकोच्या ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल तरच. एकदा रीतसर आत गेल्यावर मात्र, माल आहे असं मानायला कारण असेल त्या खोलीचं दार फोडता येतं.

शाईची दौत :
मग 'माझ्या उंबरठ्याच्या आत माझ्या परवानगीशिवाय कुणी यायचं नाही' असं केलं तर?

जुनी गढी :
अर्थ बरोबर, पण लांबलं. दार आपटताना माणूस एवढं बोलत नाही. 'घर माझं आहे. उंबऱ्याबाहेर!'