यंत्र म्हणते ‘अयशस्वी’, खात्यातून मात्र पैसे गेले: भरपाई कोणी करावी?

प्रश्न (ग्राहक सेवा केंद्रचालक, यवतमाळ जिल्हा)
दारव्हा तालुक्यातील एका गावात मी बँकेचे ग्राहक सेवा केंद्र चालवतो. पीएम किसानचा हप्ता किंवा निराधारांचे अनुदान खात्यात आले की गावातील बहुतेक वृद्ध माणसे आधार क्रमांक व अंगठा देऊन माझ्याकडूनच पैसे काढतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर बोटांवरच्या रेषा इतक्या झिजतात की यंत्र अंगठा वारंवार नाकारते. मागील आठवड्यात एका आजींचा व्यवहार अयशस्वी दिसला, म्हणून मी रोख दिली नाही. पण नातवाने पासबुक भरून आणले तेव्हा २,००० रुपये वजा झालेले होते. आजी काही बोलल्या नाहीत, पारावर मात्र कुजबुज सुरू आहे. खिशातून पैसे द्यावेत, तर चोरी कबूल केल्यासारखे होईल. न द्यावेत, तर त्यांचा किराणा अडेल.

उत्तर (निवृत्त बँक अधिकारी, वर्धा)
रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार आधारआधारित व्यवहारात खात्यातून रक्कम वजा होऊनही केंद्रावर पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई असून, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यायची आहे. आजींच्या नावाने त्यांच्या बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

उत्तर (संगणक शिक्षक, अमरावती)
व्यवहार एकतर पूर्ण व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये, हे आम्ही वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतो. परंतु रक्कम वजा झाल्यावर उत्तर परत येताना मध्येच संपर्क तुटला, तर दोन टोकांच्या नोंदी वेगळ्या राहतात आणि नंतर ताळमेळ घालावा लागतो.

भाऊ, खिशातून गुपचूप भरू नका. ब्रिटनच्या टपाल खात्यात होरायझन नावाची संगणक प्रणाली खोटी तूट दाखवत असे आणि अनेक उपडाकपालांनी ती पदरच्या पैशाने भरली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले, कारण यंत्राची नोंद खरी व माणूस खोटा असे धरले गेले. तुम्ही भरलेल्या रकमेमुळे हिशेब जुळेल, पण दोष झाकला जाईल.

उत्तर (बचत गट अध्यक्षा, वाशीम जिल्हा)
गुरुजींचे म्हणणे पटते. तरी पारावरच्या लोकांनाही दोष देता येत नाही. ‘झाला नाही’ असे सांगून रोख स्वतःजवळ ठेवणारे केंद्रचालक असतात आणि ज्यांना पावती वाचता येत नाही त्यांना दोघांतला फरक कसा कळावा? अयशस्वी व्यवहाराचीही पावती द्या. अंगठा घेण्यापूर्वी आकडा मोठ्याने वाचून दाखवा. दुसऱ्यांदा अंगठा मागण्याआधी शिल्लक तपासा. आजींना ही रक्कम उसनी म्हणून दोन माणसांसमोर लिहून द्या, म्हणजे त्यांची अडचणही भागेल आणि ती कबुलीही ठरणार नाही.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आज आजींना सोबत घेऊन तक्रार दिली व पोच त्यांच्याच पासबुकात ठेवली. त्यांनी उसने घेण्यास नकार दिला होता; अखेर ‘माझेच पैसे आगाऊ दे’ असे म्हणून घेतले. यंत्राची पावती इंग्रजीत येते, तेव्हा उद्यापासून मागच्या बाजूला मराठीत आकडा व ‘झाला नाही’ असे हाताने लिहीन.