वडील साठीनंतर गाणी रचतायत, पण गायला लाजतात. काय सांगू?

पाटणकर_पोरगा:
वडील 31 वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. शिक्षण चौथी. आता गावी आहेत, आणि दोन वर्षांत पाठकोऱ्या वहीत चाळीसेक गाणी लिहून काढलीत. विषय सगळे तिथलेच: पहाटेची गाडी, थप्पी, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), पाठीचा मणका. टोळी गोणी उचलताना 'हां' म्हणायची, त्याच ठेक्यावर चाली बसवल्यात. यात्रेत गा म्हटलं तर म्हणाले, "पोवाडा राजाचा असतो. कांद्याच्या गोणीवर कुणी शाहिरी करतं का?" मला उत्तर सुचलं नाही.

डिलाईलरोड:
1982 च्या गिरणी संपात मी शाहिराच्या डफामागं उभा राहून झील धरायचो, म्हणजे त्याची ओळ मागून उचलायचो, म्हणून सांगतो. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून बापाबरोबर चालत मुंबईला आले. दीड दिवसाची शाळा. अक्षरं वाचायला शिकले ते दुकानांच्या पाट्यांवरून. कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत राबले. आणि त्यांचं पहिलं गाणं कशावर? माटुंगा लेबर कॅम्पातल्या डासांवर! पुढं स्टालिनग्राडवर पोवाडा केला, त्यातही राजा नाही. 1944 साली अमर शेख, गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. अमर शेखही बार्शीचे गिरणी कामगारच. काकांना एवढं ऐकवा.

आणि ती टोळीची 'हां' पुसू देऊ नका. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती वर उचलतात. जी जी रं म्हणजे तरी दुसरं काय? एकाचा दम संपतो तिथं बाकीचे ओझं धरतात. काकांनी ते 31 वर्षं केलंय. झीलेला गावातली शिकलेली पोरं घेऊ नका, टोळीतले दोन जुने गडी बोलवा. एक तुणतुणं, एक डफ, बास. डफ चामड्याचाच घ्या. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, गाण्याआधी जाळावर शेकायचा.

कोयनाकाठ:
काका वाशीला असताना आई गावीच होती ना? अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड सीमाभागासाठी गाजली, पण आमच्या घरात ती मुंबईला गेलेल्या माणसाची म्हणूनच ऐकली जायची. माझी आई ती लागली की चुलीपुढून उठायची. वहीत आईवर काही आहे का बघा.

पाटणकर_पोरगा:
डासांचं सांगितलं तर वडील बराच वेळ गप्प बसले. मग दोनदा विचारलं, "खरंच डासांवर?" रात्री ढेबेवाडीला टोळीतल्या एकाला फोन लावला.

ताई, आईवर एक आहे. वहीच्या शेवटच्या पानावर, उलट्या बाजूनं लिहिलंय. आई घरात असताना ते गात नाहीत.

डफ जाळापासून किती लांब धरायचा?