सुटीत लेकराला कोळीवाड्यात पाठवू का? त्या घरावर भार तर होणार नाही?

कपाशीवाली (आर्वी तालुका, वर्धा)

माझा भाऊ रायगड जिल्ह्यात, मुरुड तालुक्यातल्या एका कोळीवाड्याच्या शाळेत गुरुजी होता. मागच्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, माझा धाकटा मामाकडे राहून आला. दहा वर्षांचं लेकरू. समुद्र पहिल्यांदाच पाहिला, जंजिराही पाहिला, पण घरी आल्यावर किल्ल्याचं नावही नाही. सगळं बोलणं बोंबलाचं. आमच्या आठवडी बाजारात सुकट-बोंबील पोत्यात येतात, तेवढंच त्याला माहीत. तिथं त्याच्या दोस्ताच्या आईनं त्याला हाताशी घेऊन शिकवलं: दोन ओले बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा अन् जोडी दोरीवर टाकायची. दात बारीक असतात, बोटं सोलून निघतात. ती खरखरीत बोटं त्यानं गावभर दाखवली.

त्या मे महिन्यात पाऊस लवकर आला. २६ तारखेला तर मान्सून मुंबईत पोचला होता. दोरीवरचा माल भिजला, अळ्या पडल्या, शेवटी खताच्या भावानं गेला. पोरगा मला म्हणे, "आई, आपला वेचलेला कापूस भिजला तवा बाबा जसे बसून होते नं, तसेच ते काका बसून होते." मला काही बोलता आलं नाही.

आता भावाची बदली झाली, तो इकडं आला. पण दोस्ताच्या आईचा फोन आला, "मामा नसला म्हणून काय झालं, आमच्याकडे पाठवा." त्यांची होडी दिवाळीच्या आधीच विकली गेली, दोस्ताचे बाबा आता दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत. पोरगा रोज विचारून राहिला, कधी जायचं. अशा घरी पंधरा दिवस लेकरू ठेवावं का? पैसे दिले तर त्यांना वाईट वाटेल का?

दर्याकाठची (रेवदंडा)

ताई, मी कोळीणच. पोराला पाठवा. ज्या घरात आठ माणसं जेवतात तिथं नववं ताट जड होत नाही, आणि बाईनं स्वतःहून फोन केला म्हणजे तिनं विचार केलेला आहे. पैशाचं पाकीट मात्र देऊ नका. घरची तूरडाळ पाठवा. इकडं डाळ विकतच घ्यावी लागते.

तारखेकडे लक्ष द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तुमच्या विदर्भात शाळा उशिरा भरतात म्हणून लोक जूनमध्ये येतात, तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि खलाशाच्या घरात त्या दोन महिन्यांत एक रुपया येत नाही. मे उजाडला की लगेच पाठवा.

होडी का गेली असेल ते मला न सांगता कळतं. आमचीही २०२० च्या ३ जूनला, निसर्ग वादळात, फुटली. दुरुस्तीचं कर्ज, वर डिझेल, बर्फ, खलाशांची उचल. डिझेलचा परतावा मिळतो, पण डिझेल आधी रोखीनं भरायचं असतं. आणि खोल पाण्यात एलईडी दिवे लावून पर्ससीनवाले, म्हणजे मोठं घेराचं जाळं टाकणारे, मासळी गोळा करतात. दिवे लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री किनाऱ्यावरून उजेड दिसतो. माझे सासरे तो उजेड बघत ओट्यावर बसतात, झोपायला जात नाहीत.

तलावपाळ (पवनी, भंडारा)

मी ढिवर समाजाचा. दर्या पाहिला नाही, पण जाळं आमच्याही घरात टांगलेलं आहे. गोसीखुर्दचं धरण झालं, वैनगंगेचं वाहतं पाणी थांबलं, त्यात नाग नदीतून नागपूरची घाण येते. नदीतली मासळी कमी झाली, आता मामा (माजी मालगुजारी) तलावात रोहू-कतल्याचं बीज सोडून भागवतो. सांगायचं कारण, एकदा नातेवाइकांचं लेकरू आमच्याकडे आठ दिवस राहिलं. जाताना त्याच्या आईनं माझ्या बायकोच्या हातात पाचशेच्या नोटा ठेवल्या. बायकोनं घेतल्या, पण रात्री जेवली नाही. रेवदंड्याच्या ताई बरोबर सांगतात, डाळच द्या.

निवृत्त गुरुजी (दर्यापूर, अमरावती)

मीही किनाऱ्यावर बरीच वर्षं शाळा केली. आपल्या पोरांना विहिरीत पोहता येतं, पण भरती-ओहोटीचा अंदाज नसतो. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी तर मुळीच नाही, हे लेकराकडून कबूल करून घ्या अन् त्या आईलाही फोनवर सांगा. त्यात संकोच नको.

दुसरं, त्या दोस्ताला दिवाळीत तुमच्याकडे बोलवा. कापूस वेचणीचे दिवस असतात. त्यालाही कुणाच्या तरी गावाला जायला मिळू द्या. एकाच घरानं नेहमी पाहुणचार करायचा, असं होऊ नये.

कपाशीवाली

सगळ्यांना नमस्कार. काल फोन केला. दिवाळीचं निमंत्रण दिलं तेव्हा त्या बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या पोराने कधीच रेल्वे पाहिली नाय अजून, तो रातभर झोपणार नाय." आता दोघंही जण दिवस मोजून राहिले.

मेच्या पहिल्या आठवड्यात भाऊच घेऊन जाणार आहे. पुलगावहून कल्याण, मग पनवेल, तिथून अलिबागमार्गे एसटी. दहा किलो तूरडाळ, कुरड्या अन् मुगवड्या बांधल्या आहेत. पाण्याचं बजावलं, तेव्हा त्यानं मागच्या वर्षीची वही काढून दाखवली. मधल्या पानावर दोस्तानं भरतीच्या वेळा लिहून दिलेल्या, रोज पाऊण-एक तास पुढे सरकत जाणाऱ्या. पानाला अजून बोंबलाचा वास येतो.