शब्दचर्चा: गेममधल्या 'लाईफ'ला मराठीत काय म्हणता?

उंबरठा
दिवसा बँकांसाठीचं सॉफ्टवेअर लिहितो. रात्री आणि शनिवार-रविवारी स्वतःचा एक छोटा गेम करतोय. एक मुलगी, पडका किल्ला, तटावरून उड्या. खाली पडलं की पुन्हा पहिल्यापासून. गेम बनवायच्या गोडो इंजिनची चौथी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तेव्हापासून त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळून दिसतात. म्हणून अख्खा गेम मराठीत करायचं ठरवलं. मेनू विनातक्रार झाला: सुरू करा, पुढे चालू, आवाज, बाहेर पडा. अडलो ते पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात. इंग्रजी गेममध्ये तिथे 'लाईव्ह्ज ३' असतं, म्हणजे खेळणाऱ्याकडे अजून किती संधी उरल्या ते.

मी 'जीव ३' लिहिलं. मिरजेत लहानपणी आम्ही 'माझा एकच जीव राहिलाय' असं म्हणायचो, ही माझी पक्की आठवण. काल मावसभावाला दाखवलं. तोही मिरजेचाच, माझ्याहून थोडा लहान. तो शपथेवर सांगतो की असं कुणीच म्हणत नव्हतं, सगळे 'लाईफ'च म्हणायचे. मावशीचं वेगळंच: पडद्यावर 'जीव गेला' असं आलं तर ती नातवाला हा गेम खेळूच देणार नाही.

नुसतं बदामाचं चित्र टाकून भागत नाही, कारण पुढे वाक्यं आहेत. 'एक नवा जीव मिळाला', 'एक नवी लाईफ मिळाली', 'एक नवं आयुष्य मिळालं'. कोपऱ्यातला एक शब्द बदलला की सगळ्या संदेशांचं लिंग बदलतं. तुमच्याकडे काय म्हणायचे?

निवडुंग
लाईफ. स्त्रीलिंगी. सोलापुरात टीव्ही गेमवर काँट्रा खेळायचो. तीन लाईफ मिळायच्या, आणि सुरुवातीलाच वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए दाबलं की तीस. ज्याला हे पाठ त्याच्या हातात पहिला रिमोट. 'तुझी एक लाईफ दे ना' ही विनवणी तर रोजची, कारण दोघं खेळताना एकाच्या संपल्या की दुसऱ्याकडून घेता यायची. या वाक्यात 'जीव' घालून बघा. 'तुझा एक जीव दे ना' कोण कुणाला म्हणेल?

शब्दवेडी
निवडुंग, तुमची आठवण खरी, पण त्यावरून आज काय लिहायचं ते ठरत नाही. तेव्हा तुमच्यापुढे मराठी गेमच नव्हता, म्हणून मराठी शब्द नव्हता. आता कुणीतरी पहिल्यांदा करतोय, तर डाव्या कोपऱ्यातला शब्द इंग्रजी का? महापौर, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोकांना अवघड वाटलेच असणार. आज ते शब्द घडवलेले आहेत हे आठवतसुद्धा नाही.

माझी सूचना: 'प्राण'. आणि तीन नको, पाच द्या. पंचप्राण: प्राण, अपान, व्यान, उदान, समान. आकडा आपल्याच परंपरेतला आहे, मुलांना पाच नावंही कळतील.

निवडुंग
'दिग्दर्शक' टिकला कारण प्रत्येक सिनेमाच्या पाटीवर तो मोठ्या अक्षरात यायचा आणि हजारो लोक एका वेळी वाचायचे. एका माणसाच्या घरगुती गेमला ते बळ नाही. मुलाला पहिल्या मिनिटात कळलं नाही तर ते मूल दुसरा गेम लावेल.

उंबरठा
शब्दवेडी, पाचाची कल्पना फार आवडली. पण 'प्राण' मराठीत जवळजवळ नेहमी अनेकवचनी चालतो. प्राण गेले, प्राण वाचले, प्राण कंठाशी आले. 'एक प्राण मिळाला' हे वाक्य लिहून मोठ्यानं वाचलं, कानाला बसत नाही.

तोक्यो_मुक्काम
इथली गोष्ट सांगते, कदाचित उपयोग होईल. जपानीत लाईफला 'झान्की' म्हणतात. 'झान' म्हणजे उरलेलं, 'की' म्हणजे यंत्र. उरलेली यंत्रं! १९७८ च्या स्पेस इनव्हेडर्समध्ये खेळणाऱ्याकडे तोफ असायची; एक फुटली की शिलकीतली पुढची यायची. त्यानंतरच्या गेममध्ये विमानं. तिथून शब्द आला आणि इतका रुजला की इथली मुलं मारिओलाही झान्कीच मोजतात. मारिओ यंत्र नाही याचा कुणाला त्रास होत नाही.

म्हणजे तिथे मुळात मरण्या-जगण्याचा संबंधच नव्हता. 'अजून किती शिल्लक' एवढंच. जीव, प्राण, आयुष्य हे सगळं आपण इंग्रजी शब्दामागून शोधतोय.

मैदानी
तोक्योताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. आपल्याकडे ही मोजणी मैदानावर आधीपासून आहे.

हुतूतूचे जुने तीन प्रकार होते: संजीवनी, गामिनी, अमर. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी उठतो, म्हणजे परत आत येतो. आजची कबड्डी याच्याच जवळची. गामिनीत बाद झाला तो बाहेर. अख्खा संघ बाद होईपर्यंत परत येणं नाही. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त समोरच्यांना गुण मिळतो. आता उंबरठा, तुम्ही गेम करता म्हणून विचारतो: पडल्यावर पुन्हा उभं राहणं, मेलं की पहिल्यापासून, आणि मरण नाही पण गुण जातात, या तीन पद्धतींवरच तर सगळे गेम चालतात ना? तिन्हींना मराठीत नावं आहेत. गेमच्या सुरुवातीला 'सोपा, मध्यम, कठीण' लिहिण्याऐवजी 'अमर, संजीवनी, गामिनी' लिहा. मी तर लगेच खेळेन.

आणि कोपऱ्यात 'गडी ३'. पडली की 'गडी बाद'. परत आली की 'गडी उठला'. मावशींचीही हरकत राहणार नाही, कारण यात कुणी मरत नाही. सगळे संपले की 'लोण'.

परक्या खेळाला आपल्या खेळाचे शब्द देणं आपल्याला नवं नाही. क्रिकेटमध्ये पायचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत म्हणतो तो 'चीत' कुस्तीच्या हौद्यातला, पाठ लागली की चीत. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकलेल्या पिढीला हे शब्द कुणी समजावून द्यावे लागले नाहीत.

शब्दवेडी
मैदानी, मनापासून आभार. 'प्राण' मागे घेते. 'संजीवनी' आणि 'गामिनी' यायलाच हवेत.

निवडुंग
अमर-संजीवनी-गामिनीला माझाही पाठिंबा. पण 'गडी'ला नाही. एक तर गडी म्हणजे दुसरा माणूस. इथे तीच मुलगी तीनदा येते, तीन वेगळ्या मुली नाहीत. दुसरं, आमच्या घरात 'गडी' म्हणजे शेतावर कामाला ठेवलेला माणूस. आणि तिसरं, ती मुलगी आहे. 'गडी उठला' कसं चालेल?

मैदानी
महिला क्रिकेटच्या बातम्या वाचा. 'भारतीय महिलांचा सात गडी राखून विजय' असंच छापतात. खो-खोतही मुलींच्या संघात गडीच बाद होतो. मैदानावर गडी हा मोजायचा शब्द आहे, बाई-पुरुष नंतर.

सीमाभाग
बेळगावहून. 'गडी'वरून एक तर्क मांडतो. कन्नडमध्ये 'गडी' म्हणजे सीमा, हद्द. आट्यापाट्यांत प्रत्येक पाटीच्या रेघेवर एक जण उभा राहून पाटी धरतो. हद्द धरणारा तो गडी, असं असेल का?

शब्दवेडी
मी आजवर 'गडावरचा तो गडी' असं ऐकत आले. मावळ्यांशी जोडलेलं.

मैदानी
दोन्ही ऐकायला छान आहेत. पण उच्चार जुळतो एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. जुन्या लेखनात 'गडी' कोणत्या अर्थानं आधी येतो ते दाखवा. मला तरी 'सवंगडी' जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात गड नाही, सीमा नाही, बरोबरीनं खेळणारा एवढंच आहे.

सीमाभाग
सवंगडीचा मुद्दा मान्य. पण सीमाभागात शब्द दोन्ही अंगणांत खेळतात, आणि हे इथं राहणाऱ्यांना रोज दिसतं. पुण्यात बसून कन्नडचा दुवा एका वाक्यात निकालात काढू नका, एवढंच.

पटकथा
'परत येणं' यावर थोडं. कुणी 'पुनर्जन्म' सुचवण्याआधीच सांगते, तो शब्द चुकीचा ठरेल. पुनर्जन्म म्हणजे नवा देह, नवे आईबाप. मागचं आठवलं तर नवल. हिंदी सिनेमानं हे आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. गेममध्ये देह तोच, जागा तीच, आणि आठवण पूर्ण. तिसऱ्या उडीला जमतं ते पहिल्या दोन उड्या लक्षात असतात म्हणून.

१९९८ चा जर्मन चित्रपट 'रन लोला रन' पाहिलाय का? लोलाच्या हातात वीस मिनिटं, आणि तीच धाव तीनदा. पहिल्या फेरीत तिला पिस्तुलाचा खटका कुणीतरी दाखवावा लागतो, दुसऱ्या फेरीत ती तो स्वतःच उघडते. हे पुनर्जन्माचं नाही, गेमचं तर्कशास्त्र आहे. मी याला 'डाव' म्हणेन. 'डाव ३.' नवा डाव मिळाला, डाव गेला, शेवटचा डाव. पुल्लिंगी, अनेकवचन तेच, उंबरठांची वाक्यंही सोपी होतील.

निवडुंग
'डाव' आतापर्यंतचा सर्वांत चांगला. पण भावाला विचारलं, तर तो म्हणे डाव म्हणजे पूर्ण खेळ. पत्त्यांचा डाव मोडला की सगळ्यांचाच मोडतो. एक उडी चुकली म्हणून डाव कसा जाईल?

पटकथा
कसोटी क्रिकेटमध्ये एका सामन्यात एका संघाचे दोन डाव असतात. पहिला गेला तरी सामना उरतो.

उंबरठा
काल रात्री 'डाव ३' लावून बघितलं. कोपऱ्यात फार सुंदर दिसतं, दोनच अक्षरं. आणि कठीणपणाचा मेनूही बदलला: अमर, संजीवनी, गामिनी, प्रत्येकाखाली एका ओळीत नियम. मावशीच्या नातवानं गामिनी निवडली आणि पहिल्याच तटावरून पडून बाहेर आला. त्यानं विचारलं, 'मग आता माझी लाईफ गेली का?'

निवडुंग
बघा!

शब्दवेडी
तो आठवडाभर खेळला की 'डाव गेला' म्हणेल. एवढा वेळ तरी द्या शब्दाला.

घाटकोपर
सगळा धागा वाचला. एक विचारू का? सगळे 'तो गेम' लिहिताय. आमच्याकडे ती गेम. 'नवीन गेम आलीये, टाकली का?' पुल्लिंगी गेम मी फक्त 'त्याचा गेम केला' यात ऐकलाय, आणि त्याचा अर्थ वेगळा आहे.

मैदानी
गेम म्हणजे खेळ, खेळ पुल्लिंगी, म्हणून तो गेम. सरळ आहे.

घाटकोपर
सरळ नाही. पुस्तक नपुंसकलिंगी, पण 'बुक' कोण कसं म्हणतं ते बघा. पिक्चर तो, फिल्म ती, दोन्ही म्हणजे चित्रपटच. अर्थावरून लिंग ठरत असतं तर फिल्मही 'तो' झाली असती.

पटकथा
फिल्मच्या बाबतीत मला वाटतं ते रिळावरून आलं. रीळ आधी हातात आलं, गोष्ट नंतर. 'पट्टी' स्त्रीलिंगी, म्हणून फिल्मही.

सीमाभाग
हिंदीतून आलं असेल. हिंदीतही फिल्म ती.

उंबरठा
माझ्या टीममध्ये याच प्रश्नावर रोज अडतं. कोड तो, फाईल ती, ब्रँच ती, बग तो, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण बिल्ड, म्हणजे कोडमधून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं? मी म्हणतो 'बिल्ड फेल झाला', नागपूरचा सहकारी 'झाली' म्हणतो, आणि नाशिकची मॅनेजर 'झालं'. तिघंही ठाम.

घाटकोपर
बिल्ड झाली. इमारत झाली, तसं.

निवडुंग
बिल्ड झालं. काम झालं, तसं. आणि 'सर्व्हर' तो असेल तर 'ॲप' ते का, हे कुणी सांगेल का?