दयाळ पक्ष्यासाठी लाकडी घरटी-पेट्या की उभी वाळकी झाडं? (यवतेश्वर–महादरे, सातारा; ‘पाणवठा’, ‘रानकोंबडा’ आणि ‘रंधा’ या टोपणनावांनी तिघांची चर्चा)

पाणवठा
साताऱ्याला लागून असलेल्या या उतारांवर दयाळसाठी पेट्या लावाव्यात, असं माझं मत. हा पक्षी स्वतः भोक पाडत नाही. तयार ढोली किंवा भिंतीतलं खबदाड शोधतो. आणि तोडायला पहिलं झाड निवडतात ते ढोलीवालंच. सेशेल्स बेटांवर दयाळचाच एक भाऊबंद १९७०च्या आसपास विसाच्या आत उरला होता. तो सावरला त्यात पेट्यांचाही हात होता.

रानकोंबडा
अर्धंच सांगितलंत. तिथे मांजरं हटवली, साळुंक्या आवरल्या, जादा खाद्य पुरवलं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटतो, म्हणजे ऐन विणीच्या तोंडावर. दयाळ किडे-अळ्या टिपतो ते बहुतेक जमिनीवर, पाचोळ्यात. खाली राख आणि वर बंगला? आधी जाळरेषा काढा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढलेला मोकळा पट्टा. वाळलेला पांगारा, सावर ‘धोकादायक’ म्हणून पाडू नका. वाटेवर झुकली असेल ती फांदी तेवढी कापा, खोड राहू द्या.

रंधा
पेट्या लावणारच असाल तर बाजारातली चिमणीची घरटी घेऊ नका. त्यांचं भोक सव्वा-दीड इंच, दयाळ आत जाणारच नाही. जुनी फळी घ्या, पाऊण इंच जाड. प्लायवूड पहिल्याच पावसात फुगतं. तळ आतून १३ × १३ सेंमी, उंची २५, भोक ६ सेंमी. छप्पर पुढे ५ सेंमी बाहेर काढून उतरतं, तळाच्या चारही कोपऱ्यांत ६ मिमीची छिद्रं. नाहीतर पाणी साचून पिल्लं गारठतात. आतून रंग नको, रंधाही मारू नका, पिल्लांना चढायला खरखरीत फळीच लागते. भोकाखाली बसायची काडी तर अजिबात नको, ती दयाळपेक्षा लुटारूंच्या सोयीची. तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला, कारण पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. जमिनीपासून ३ मीटर. खिळा ठोकू नका, जुन्या सायकल ट्यूबने बांधा आणि दरवर्षी सैल करा. हे सगळं जानेवारीअखेर उरकायला हवं. मार्च ते जुलै वीण असते.

रानकोंबडा
६ सेंमीच्या भोकातून साळुंकीही जाते. पेटी दयाळच्या नावाची, संसार साळुंकीचा! सिंगापुरात दयाळ घटला त्यामागे पिंजऱ्यासाठीची पकड होतीच, बाहेरून आलेल्या साळुंकीशी स्पर्धा हेही एक कारण मानतात.

रंधा
हा मुद्दा खरा आहे. म्हणून वस्तीच्या कडेला, उकिरड्याजवळ पेटी नकोच. झाडीत २००-३०० पावलं आत लावा. साळुंकी माणसाच्या उष्ट्यामागे असते. दुसरा भाडेकरू सातेरी मधमाशी. ती बसली तर हाकलू नका, दुसरी पेटी बांधा.

पाणवठा
बरं, मग एका ओढ्याला दहा-बारा पेट्या टांगल्या तर?

रानकोंबडा
विणीत नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही. पहाटे शेंड्यावर बसून तो गातो ते त्याचसाठी. एकाच हद्दीत दहा पेट्या टांगल्या तरी जोडी एकच राहणार, उरलेल्या नऊ साळुंक्यांना आंदण.

रंधा
शिवाय दहांची साफसफाई कोण करणार? ऑक्टोबरात जुनं घरटं काढून पेटी उन्हात वाळवावी लागते, नाहीतर त्यातल्या गोचिडी-पिसवा पुढच्या विणीत पिल्लांवर चढतात. अंड्यांवर मादी असेल तेव्हा झाकण उघडून फोटो काढणारा माणूस आणखी वेगळा. ती १२-१३ दिवस एकटीच उबवते. दोनदा उठवली की घरटं सोडू शकते.

पाणवठा
ठीक. तीन पेट्या, आणि पहिला खर्च जाळरेषेवर. वाळक्या झाडांवर खूण करायची कशाने, चुना की गेरू?

रानकोंबडा
गेरू. चुन्याचा पट्टा पाहून लाकूडतोड्याला वाटेल, तोडायचंच झाड आहे.