अनारसे तुपात हसतात : मुरलेलं पीठ वाचवता येईल का?

मुदपाक
पीठ पाच दिवस मुरलंय. नमुन्याला सोडलेला पहिला अनारसा हसला. आधी कड विरघळली, मग मधला भाग सुटला आणि तुपात नुसता रवा तरंगत राहिला. कृती सविस्तर देते, म्हणजे कुठे बिनसलंय ते सांगायला सोपं जाईल.

कोलम तांदूळ अर्धा किलो, तीन दिवस भिजवला, पाणी रोज बदललं. उपसून सुती कापडावर पंख्याखाली तासभर पसरला, मिक्सरला दळून मैद्याच्या चाळणीने चाळला. पीठ सहा वाट्या भरलं. गूळ वाटीला वाटी, म्हणजे किसून दाबून भरलेल्या सहा वाट्या. दोन चमचे तूप. गोळा डब्यात दाबून ठेवला. पहिल्या दिवशी घट्ट होता, आता सैल आहे, थापताना तळहाताला चिकटतो.

पीठ वाचेल का? मापात चूक असेल तर प्रमाण वाटीने धरायचं की वजनाने? काही जण पिकलं केळं घालायला सांगतात, ते या दुखण्यावर चालतं का? वसुबारसेला अजून पाच दिवस आहेत. थोडे अनारसे दुबईलाही पाठवायचेत, त्यामुळे पॅकिंगचंही सांगा.

---

खलबत्ता
पीठ वाचेल, टाकू नका. आणि केळं अजिबात घालू नका. त्याचं काम वेगळं आहे, खाली लिहिते.

घोटाळा मापात आहे. चाळलेलं पीठ वाटीत भुसभुशीत बसतं, किसून दाबलेला गूळ ठासून बसतो. तुमची वाटी १५० मिलिलिटरची धरली तर पीठ साधारण १०० ग्रॅम भरेल आणि दाबलेला गूळ १४० च्या आसपास. म्हणजे ६०० ग्रॅम पिठात जवळजवळ ८४० ग्रॅम गूळ गेलाय. शिवाय ते ६०० ग्रॅम ओल्या पिठाचे आहेत, त्यात पाण्याचंही वजन आलं. जुन्या घरांतून ‘समभाग’ म्हणतात तो वजनाचा, तराजूचा. पीठ नीट सुकलेलं असेल तर समभाग चालतो. मिक्सरच्या ओलसर पिठाला मी १०० ग्रॅमला ८५ ग्रॅम गूळ यापुढे जात नाही.

जास्त गुळाने हसतो का, तर अनारसा तुपात पडला की गूळ लगेच पातळ होतो. त्याच वेळी पिठातला स्टार्च शिजून एकमेकांना धरायला लागतो. ही पकड बसायच्या आत गूळ वाहून गेला तर पिठाचे कण मोकळे होतात. पीठ जाडसर राहिलं तरी हेच होतं, कारण जाड कण उशिरा शिजतो. गूळ बेताचा आणि पीठ बारीक असेल तर तोच गूळ वितळताना जाळी पाडतो.

आता उपाय. तुमच्या हिशोबात आणखी ३७५ ते ४०० ग्रॅम ओलं पीठ लागेल. आज रात्रीच ३२५ ग्रॅम तोच कोलम भिजत घाला, तीन दिवसांनी दळून तेवढं पीठ मिळेल. तोवर सैल गोळा फ्रीजमध्ये ठेवा. पाच दिवसांत हे बसतं : तीन दिवस भिजवण, चौथ्या दिवशी दळून मळणं, रात्रभर मुरवणं, पाचव्या दिवशी तळण.

सगळं एकदम मिसळू नका. १०० ग्रॅम गोळ्याला २५ ग्रॅम पीठ लावून मळा, दोन-तीन तास झाकून ठेवा आणि एकच अनारसा तळा. धरला तर बाकीच्या गोळ्याला तेच प्रमाण लावा आणि रात्रभर मुरू द्या. अजून कड सुटत असेल तर आणखी ५ ग्रॅम. मिसळताना हाताने नुसतं कालवून भागत नाही, खलबत्त्यात कुटा किंवा मिक्सरच्या भांड्यात थोडं थोडं घालून फिरवा. पिठाचे पांढरे ठिपके दिसले की मळणं कमी पडलं असं समजायचं.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लावून घ्या. गूळ मिसळण्याआधी वाटीभर ओलं पीठ पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकायचं. गूळ प्रत्येक वर्षी सारखा येत नाही, कधी पाणी जास्त सोडतो. ती वाटी अशा वेळी कामाला येते.

केळ्याचं : गोळा कोरडा आहे, थापताना कडेला चिरा पडतात, तळल्यावर जाळी न पडता पुरीसारखा घट्ट होतो, तेव्हा १०० ग्रॅमला एक छोटा चमचा कुस्करलेलं केळं किंवा चमचाभर दूध. तेही त्या दिवशी तळायच्या गोळ्यापुरतंच, नाहीतर पीठ आंबतं. तुमचा आजार नेमका उलटा आहे.

---

तुपाची_कढई
गुळाचं वर आलंय, पण दोष फक्त गुळाचाच धरू नका. तूप थंड असलं की चांगल्या पिठाचा अनारसाही हसतो, आणि फार तापलं तर बाहेरून काळसर, आतून कच्चा राहतो, जाळी पडत नाही. नमुना तळताना तूप बरोबर होतं याची खात्री असेल तरच पिठाकडे वळा.

ओळखायचं असं. ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा तुपात टाका. तळाशी जाऊन हळूहळू बुडबुडे सोडत वर आला तर तापमान बरोबर. टाकल्या टाकल्या उसळून वर आला तर जास्त. तळाशीच बसून राहिला तर कमी. थर्मामीटर असेल तर १४० ते १५० अंश सेल्सिअस.

कढई पसरट आणि लहान घ्या, तूप दोन बोटं खोल. लिंबाएवढा गोळा, खसखशीवर थापून सात सेंटिमीटरचा. मध्ये थोडा जाड, कडेला पातळ असं करू नका, कड आधी जळते. सगळीकडे सारखा, भाकरीपेक्षा किंचित पातळ. खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा आणि उलटायचा नाही. उलटला की खसखस तुपात सुटते, जळते आणि सगळं तूप कडवट होतं. झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं, त्यानेच वरची बाजू शिजते आणि जाळी उघडते. मंद ते मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं. बदामी रंगाच्या थोडं आधीच काढा, बाहेर आल्यावर रंग आणखी चढतो.

एका वेळी एकच, फार तर दोन. काढताना दोन झारे लागतात, गरम अनारसा मऊ असतो आणि एका झाऱ्यावर मधोमध मोडतो. निथळायला चाळणीत उभे, एकमेकांना टेकवून ठेवा. आडवे ठेवले तर तूप खालच्या बाजूला साचतं आणि ती बाजू मऊ राहते. पूर्ण गार झाल्यावरच कुरकुरीत होतात, त्यामुळे गरम असताना मऊ वाटले म्हणून पुन्हा तुपात सोडू नका.

एखादा हसलाच तर तिथेच थांबा, तूप गाळा. तळाशी बसलेला गुळाचा रवा पुढच्या प्रत्येकाला चिकटतो आणि काळे डाग पाडतो. तो चुरा निथळून दुधात घालून खा, चवीला उत्तम लागतो.

तूप की वनस्पती, हा वाद दर दिवाळीला होतो. साजूक तूपच घ्या. वनस्पतीत तळलेला अनारसा गार झाल्यावर टाळूला चिकटतो. खर्च वाटत असेल तर कढई आणखी लहान करा, पण तूप बदलू नका.

---

वाफाळ
तांदळाकडेही बघा. तासभर सुकवणं पंख्याच्या वेगावर आणि हवेवर अवलंबून आहे. पुण्यात अश्विनात दुपारचं ऊन कडक असतं, तासात तांदूळ जास्तच सुकतो. कोकणात दोन तासांनीही ओला राहतो. म्हणून घड्याळ बघू नका, मूठ दाबून बघा. मूठ उघडल्यावर चार-पाच दाणे तळहाताला चिकटून राहिले आणि हात ओला झाला नाही की दळायला घ्या. उन्हात तर वाळवूच नका, पीठ कोरडं पडतं, गुळाशी एकजीव होत नाही आणि अनारसे दगड होतात. विकतचं कोरडं तांदळाचं पीठही याच कारणाने चालत नाही.

भिजवताना उकाडा असेल तर पाणी दिवसातून दोनदा बदला. आंबूस वास आलाच पाहिजे, तो मुरण्याचा भाग आहे. पण पाणी तार धरायला लागलं, दाण्यावर गुलाबी किंवा काळा ठिपका दिसला, तर तो तांदूळ टाकून द्या, धुऊन वापरू नका.

तांदूळ जुना हवा. नव्या तांदळाचं पीठ चिकट होतं. कोलम ठीक आहे, जाडा जुना असेल तर आणखी बरा. उकडा तांदूळ चालणार नाही, तो आधीच शिजवून वाळवलेला असतो, त्याची जाळी होत नाही. चाळणीवर उरलेला रवा परत दळा, पिठात तसाच ढकलू नका.

गूळ साधा, मऊ घ्या. चिक्कीचा गूळ नको, अनारसा कडक होतो आणि दाताला चिकटतो. किसणीवर बारीक किसा. खडा राहिला की तो तळताना वितळून आरपार भोक पडतं, मग तिथूनच अनारसा फाटतो.

एक वेळापत्रक सांगते, ते चुकत नाही. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजत घालायचा. तीन दिवस भिजवण, चौथ्या दिवशी दळण आणि गूळ, त्यानंतर पाच-सहा दिवस मुरवण. वसुबारसेच्या आधी एक-दोन दिवस हातात राहतात, आणि नेमके तेच अशा दुरुस्तीला लागतात. मुरायला ठेवलेला गोळा दर दिवशी उघडून बघा. दुसऱ्या दिवसापासून गूळ सुटतो आणि पीठ सैल होतं, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या घट्टपणावर भरवसा ठेवू नका आणि कोरडं वाटलं म्हणून पाणी तर मुळीच घालू नका.

---

उंबरठा
दुबईचं आधी बघा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. डब्यात चिमूटभर सापडली तरी पाठवणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. सौदी अरेबिया आणि सिंगापूरलाही तेच. खसखशीऐवजी पांढरे तीळ लावा किंवा बारीक रवा. तीळ लावलेला अनारसा परका नाही, बिहारमध्ये गयेचा अनारसा तिळाचाच असतो. तीळ कच्चेच लावा, भाजलेले तुपात पटकन करपतात. थापायचा पाट, पोळपाट आणि तूपही वेगळं ठेवा, नाहीतर खसखशीचे दाणे तिकडच्या खेपेत जातातच. सगळ्यात सोपं म्हणजे तिळाचे आधी तळून, गार करून, डबा बंद करायचा आणि मग घरच्यांसाठी खसखस काढायची.

पॅकिंगला : पूर्ण गार होऊ द्या, किमान चार तास. दोन-दोन अनारशांमध्ये बटर पेपर, कडक डबा, मोकळी जागा राहिली तर कागद कोंबून भरा. पिशवीत चुराच पोचेल. पाठवायचे असतील तर साखरेचे करण्याचाही विचार करा. पिठीसाखर वजनाने पिठाच्या ८० टक्के. रंग फिका येतो, खुसखुशीतपणा जास्त दिवस टिकतो. गुळाचे हवेतलं पाणी लवकर धरतात आणि आठवड्याभरात नरम पडू लागतात. चवीला गुळाचेच सरस, यात वाद नाही.

परदेशात थंडीत करणाऱ्यांसाठी : स्वयंपाकघर १६-१८ अंशांवर असेल तर तीन दिवसांत तांदूळ आंबत नाही. चार-पाच दिवस ठेवा किंवा बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून भांडं आत ठेवा.

---

मुदपाक
सगळ्यांचे मनापासून आभार. वाटी मोजली, पाण्याने १५० मिलिलिटरच भरते आणि दाबलेला गूळ १४५ ग्रॅम. ३२५ ग्रॅम कोलम भिजत घातला, गोळा फ्रीजमध्ये गेला. दुबईचे तिळाचे करते. एकच शंका : फ्रीजमधला गोळा मिसळायच्या आधी किती वेळ बाहेर काढायचा? आणि नवं पीठ मिसळून उरलं तर किती टिकेल?

---

खलबत्ता
दोन तास बाहेर ठेवा, बोट सहज रुतेल इतका मऊ झाला की घ्या. गार गोळ्यात गूळ घट्ट झालेला असतो, तेव्हा पीठ मिसळलं तर गाठी राहतात आणि नमुन्याचा अनारसाही खोटं सांगतो. १४५ ग्रॅमच्या हिशोबाने १०० ग्रॅमला २५ ऐवजी २८ ग्रॅमपासून सुरू करा. एकूण पीठ चारशेच्या थोडं वर लागेल, म्हणून भिजवणीत आत्ताच आणखी मूठभर तांदूळ टाका.

उरलेला गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात, वरून तुपाचा हात फिरवून, फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहतो. कोरडा चमचा वापरा. लागेल तेवढाच काढून मळा, मळलेला परत डब्यात टाकू नका.